डेल्फाविरुद्ध तक्रार

डेल्फा स्टेसीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि आर्विल हॅडिक्सचा खुबा कामातून गेला होता, त्यामुळे अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगरात दोघं मिळून एक मोटार चालवत. डेल्फा चाक धरायची आणि ब्रेक दाबायची. आर्विलकाका शेजारी बसून रस्ता सांगायचे. काकांनी उभी हयात जिल्ह्याच्या रस्ते खात्यात रस्ता सपाट करणारं यंत्र चालवण्यात घालवली होती. त्या भागातला प्रत्येक खड्डा तो लहान असल्यापासून त्यांना ठाऊक होता.

"डावीकडे ओढा आहे."

"दिसतोय मला."

"तुला दिसतोय तो ओढा नाही, ते रीडचं पत्र्याचं छप्पर. ओढा आणखी अलीकडे."

मग डेल्फा चाक जरा उजवीकडे घ्यायची. वेग इतका बेताचा असे, की मागे लागलेली कुत्री कंटाळून पुढे निघून जात.

डेल्फा सत्तावन्न वर्षांची विधवा. शाळेच्या मुदपाकखान्यात तिने पोरांच्या दोन पिढ्या जेवू घातल्या. मग शाळा डोंगरापलीकडच्या शाळेत विलीन झाली आणि डेल्फाची नोकरी गेली. पलीकडच्या शाळेला स्वयंपाकीण हवी होती, पण मोठ्या पातेल्यातलं दूध उतू जातंय की नाही हे जिला दिसत नाही, तिला कोण ठेवणार? डोळे सुधारायला शस्त्रक्रिया हवी होती. शस्त्रक्रियेला सरकारी आरोग्य विमा हवा होता. आणि विमा हवा तर आता नोकरी हवी होती. हे वर्तुळ तिने स्वयंपाकघरात बसून बऱ्याच वेळा तपासलं होतं. त्याला कुठेही फट नव्हती.

नोकरीची अट नवी होती. वॉशिंग्टनला खर्चाला कात्री लागली आणि विमा आणि धान्याचं कार्ड या दोन्हींवर नियम आला: धडधाकट माणसाने महिन्याला ऐंशी तास काम करून दाखवावं, पगारी नाहीतर समाजसेवेचं. मोतीबिंदूवाला माणूस धडधाकट धरायचा, कारण तो आजार शस्त्रक्रियेने बरा होतो.

लेक्सिंग्टनच्या इस्पितळाने डेल्फाला पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला दिवस दिला होता. म्हणजे तोवर विमा टिकायला हवा होता. बाकी कशाशी तिला देणंघेणं नव्हतं.

मदत कचेरी तालुक्याच्या गावात, जोड्यांच्या जुन्या दुकानात होती. दुकान बुडालं तेव्हा जोडे घालून बघायची ठेंगणी स्टुलं मागे राहिली होती, त्यामुळे तिथे येणारा प्रत्येक माणूस गुडघे हनुवटीला लावून आपली गरिबी सांगायचा. टेबलामागे केंड्रा साइझमोर बसायची. ती डेल्फाच्या हातचं शाळेत जेवून मोठी झाली होती.

"डेल्फामावशी, काम काय करता सध्या?"

"काही नाही."

"दिवसभर?"

"आर्विलकाकांकडे जाते सकाळी."

"जाऊन काय करता?"

"काही नाही गं. न्याहारी देते. घर आवरते. औषधं बघते. डॉक्टरकडे न्यायचं असलं तर नेते."

"आणि याला तुम्ही काम म्हणत नाही?"

डेल्फाला हा प्रश्न थोडा असभ्य वाटला. "शेजारी आहेत ते," ती म्हणाली.

केंड्राने मुकाट्याने ते समाजसेवा या सदरात टाकलं. फक्त एक मेख होती. ज्याची सेवा झाली त्याने दुजोरा द्यायला हवा होता. राज्याच्या राजधानीतून आर्विलकाकांना फोन गेला.

काकांनी फोनवर काय सांगितलं ते त्यांनीच दुसऱ्या दिवशी डेल्फाला मोठ्या फुशारकीने ऐकवलं. "कोणी बाई होती. म्हणे, तुम्हाला मदत करायला कोण येतं? म्हटलं, मला? मदत? बाई, मी चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे, अजून कुणापुढे हात पसरला नाही. ठेवलाच फोन."

डेल्फा त्यांच्या पायाची नखं कापत होती. तिचा हात थांबला.

"काका, तो फोन माझ्यासाठी होता."

"मग तुझ्या घरी करायचा."

विमा महिनाअखेर बंद होणार असल्याचं पत्र चार दिवसांत आलं. केंड्राने ते तिला फोनवर वाचून दाखवलं, कारण अक्षरं डेल्फाला मुंग्यांसारखी दिसत.

इथे आर्विलकाकांचा स्वभाव समजून घ्यायला हवा, आणि तो एकट्या त्यांचा नव्हता, दोन डोंगरांमधल्या त्या सगळ्या घळीतल्या वस्तीचा होता. तिथे फुकट काही घ्यायचं नाही ही रीत होती. शेजारणीने भांड्यातून कालवण पाठवलं तर भांडं रिकामं परत जात नसे. डेल्फा सकाळी गरम पाव आणि सॉसेजची ग्रेव्ही घेऊन आली की निघताना काका तिच्या हातात काहीतरी कोंबत. अंडी, कांद्याची जुडी, धार लावून ठेवलेली सुरी. काहीच नसलं तर जुना खिळा सरळ करून देत. तो दिला की हिशेब मिटला, आणि मिटलेल्या हिशेबाला मदत म्हणत नाहीत.

सरकारी खोकं तेवढं ते सरळ घेत. म्हाताऱ्या माणसांना महिन्यातून एकदा चर्चच्या दारात खोकं मिळायचं. त्यात चीज, दुधाची भुकटी, डबाबंद मांस, घेवडा असायचा. "हे माझं आहे," काका म्हणत, "मी कर भरलाय." हिवाळ्यात निधी आटला आणि खोक्यांचा ट्रक यायचा थांबला. काकांचं धान्याचं कार्डही निम्म्यावर आलं. डेल्फाने त्यांना ट्रकचं काही सांगितलं नाही. तिने आपल्या तळघरातून एक खोकं भरलं आणि नेहमीच्या दिवशी नेऊन ठेवलं. काकांनी ते उघडलं, आत बघितलं, "सरकारला उशिरा का होईना अक्कल आली," एवढंच म्हणाले आणि ठेवून घेतलं. तेव्हापासून दर महिन्याला डेल्फा सरकार होत होती.

पत्र आलं त्या दिवशी ती काकांकडे गेली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे काही मागितलं.

"केंड्राला एवढंच सांगा, की मी येते."

"येतेस. नाही कोण म्हणतं?"

"आणि काम करते."

"काम?" काकांना खरंच धक्का बसला. "काम म्हणजे रस्ता. काम म्हणजे बर्फात पहाटे यंत्र काढणं. तू येतेस, बडबडतेस, माझ्या वस्तू हलवतेस. त्याला काम म्हटलं तर मी कोण झालो? लुळापांगळा?"

"तुम्हाला कमोडवरून कोण उठवतं?"

"ते आपल्या दोघांतलं आहे. ते राजधानीत कशाला कळायला हवं?"

"माझे डोळे जातील, काका."

बाहेर कोंबडा उगाच ओरडला. काका म्हणाले, "दुसरं काही माग. बंदूक माग, देतो. खोटी लाचारी माझ्याकडून लिहून दिली जाणार नाही."

"खोटी?" डेल्फा म्हणाली. तिने न्याहारीचं भांडं उचललं आणि निघाली. दारात काकांनी कांद्याची जुडी पुढे केली. ती तिने घेतली नाही. त्या घळीत एवढं मोठं भांडण बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण औषधाच्या गोळ्या कुठल्या डबीत आहेत हे काकांना माहीत नव्हतं, म्हणून गेली. काका ठेवणीतला कोट घालून, दाढी करून, खुर्चीत तयार बसले होते. हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त होतं.

"मला कचेरीत ने."

डेल्फाने आशेने विचारलं, "कशाला?"

"तक्रार करायची आहे."

"कोणाविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध."

ती बघत राहिली. तिला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, नुसता एक गुलाबी ढग दिसत होता, आणि त्या ढगावर काही भाव आहे का ते कळायला मार्ग नव्हता.

"माझ्याविरुद्ध तक्रार करायला मी तुम्हाला नेऊ?"

"मग काय चालत जाऊ? बस तर बंद केली त्यांनी."

रागाने माणूस वेगळाच वागतो. डेल्फाने त्यांना बखोटीला धरून मोटारीत बसवलं, नेहमीच्या सवयीने गुडघ्यांवर गोधडी टाकली, आणि दार इतक्या जोरात लावलं की आरसा खाली आला. रस्ताभर दोघं फक्त कामापुरतं बोलले.

"खड्डा."

"माहीत आहे."

"गाय."

"कुठली?"

"उभी आहे ती. थांब. आता गेली. चल."

कचेरीत पोचल्यावर काकांना ठेंगण्या स्टुलावर बसवायला डेल्फा आणि केंड्रा दोघी लागल्या. काकांनी काठी उभी धरली आणि घसा साफ केला.

"लिही. या बाईविरुद्ध तक्रार आहे."

केंड्राने डेल्फाकडे बघितलं. डेल्फाने खांदे उडवले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काय तक्रार आहे, आर्विलकाका?"

"माझ्या घरात घुसते. रोज. कोंबड्याच्या आधी."

केंड्राची बोटं संगणकाच्या कळांवर गेली. "रोज?"

"रविवारी चर्चहून आल्यावर. म्हणजे देवालासुद्धा माझ्या आधी उरकून येते. आली की चूल ताब्यात घेते. खायला लावते. खाल्लं नाही तर तिथेच उभी राहते. मग गोळ्या. जीभ बाहेर काढून दाखवावी लागते, गिळल्या की नाही."

"अच्छा," केंड्रा म्हणाली. ती भराभर टंकत होती. "मग?"

"मग झाडते. झाडताना गाते. आवाज वाईट आहे. माझी गादी उन्हात टाकते, ती घरात येईपर्यंत मी खुर्चीत अडकून पडतो. आणि..." काकांचा आवाज कापला. "माझ्या आईचा बिडाचा तवा हिने साबणाने घासला."

केंड्राची बोटं थांबली. कचेरीत बसलेल्या आणखी तीन माणसांनी वळून डेल्फाकडे बघितलं. त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या तेल मुरवलेल्या बिडाच्या तव्याला साबण लावणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

"एकदाच!" डेल्फा भिंतीकडे तोंड ठेवूनच ओरडली. "त्यात उंदीर मेला होता!"

"तवा मुरवायला आजी गेली, आई गेली, आणि ही..."

"बरं, तवा लिहिला," केंड्रा घाईने म्हणाली. "काका, मला एक सांगा. ही घुसखोरी रोज साधारण किती वेळ चालते?"

"दुपारचं जेवण होईपर्यंत हलत नाही. कधी संध्याकाळी परत."

"खोटं!" डेल्फा आता पूर्ण वळली. एवढा वेळ कुणाच्या घरात लुडबुड करणारी बाई म्हणून नाव होणं तिला सहन होईना. "मी इतका वेळ कधीच थांबत नाही. केंड्रा, लिही. मी जाते, पटकन आवरते आणि निघते. मंगळवारी तर गेलेच नव्हते."

"मावशी..."

"दोन तास फार झाले. कधी तेवढेही नाही."

"मावशी!" केंड्राने टेबलाखालून पाय लांब केला आणि डेल्फाच्या नडगीवर मारला. "ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने मध्ये बोलायचं नसतं. तसा नियम आहे."

असा नियम नव्हता. पण डेल्फा गप्प झाली, आणि गप्प झाल्यावर तिला हळूहळू, वितळणाऱ्या लोण्यासारखं, समजायला लागलं. तिने काकांकडे बघितलं. ढग निर्विकार होता.

"मंगळवारी," काका सावकाश म्हणाले, "ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली. सगळा दिवस मोडला. दवाखान्यात शेजारी बसून माझ्या पोटाच्या तक्रारी डॉक्टरला मोठ्याने सांगितल्या. सगळ्यांसमोर. तेही लिही."

"सगळा दिवस," केंड्राने टंकलं.

"आणि एक राहिलं. ही बाई सरकारचं सोंग घेते."

डेल्फाच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हिवाळ्यापासून खोक्यांचा ट्रक आलेला नाही," काका म्हणाले. "माझा खुबा गेलाय, अक्कल नाही. रस्त्यावरून ट्रक गेला की मला घरात बसून कळतं, कुठला आणि किती भरलेला. तरी माझ्या दारात खोकं येतं. आत काय, तर दोऱ्यात ओवून वाळवलेल्या घेवड्याच्या शेंगा. अगं पोरी, या देशाच्या सरकारने आजवर कधी शेंगा दोऱ्यात ओवल्या आहेत का?"

"नाही," केंड्रा म्हणाली.

"त्याच शेंगा माझी आई ओवायची तशा, दोन गाठींच्या. मी खाल्ल्या. सरकारच्या म्हणून खाल्ल्या. आता तुझ्या सरकारने ठरवावं, या बाईचं काय करायचं ते."

डेल्फा पिशवी उचलायला वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"शेंगा निवडणं, ओवणं, वाळवणं," केंड्रा स्वतःशी पुटपुटली, "यालाही वेळ जातोच की." आणि तो वेळही तिने मांडला. मग कागद छापून काकांपुढे ठेवला. "इथे सही. की या बाईने वरीलप्रमाणे सगळं केलं, आणि ते तुमच्या मर्जीविरुद्ध केलं."

"मर्जीविरुद्ध हे ठळक अक्षरांत आहे?"

"आहे."

काकांनी सही केली. रस्ते खात्यातून निवृत्त झाल्यावर बहुधा त्यांनी पहिल्यांदाच एवढी मोठी सही केली असेल.

केंड्राने कागद डेल्फाच्या विम्याच्या प्रकरणाला जोडला. "सेवा झाल्याचा सही केलेला जबाब हवा, असं नियमात आहे," ती म्हणाली. "सेवा आवडली पाहिजे, असं कुठे म्हटलंय?"

परतताना पहिलं वळण मागे पडलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," डेल्फा म्हणाली.

"रस्त्याकडे बघ."

"मला दिसत नाही."

"मग बोलू नकोस. उजवीकडे घे."

घरी पोचल्यावर काकांनी कालची कांद्याची जुडी पुढे केली. जरा सुकली होती. डेल्फाने घेतली.

राजधानीत तो जबाब दोन टेबलांवर अडकला, पण परत पाठवायला कारण कोणालाच सापडलं नाही. विमा टिकला.

अशी गोष्ट डोंगरात लपून राहत नाही. पुढच्या पंधरवड्यात जोड्यांच्या दुकानात रांग लागली. एका म्हातारीने पुतण्याविरुद्ध तक्रार दिली, की तो न विचारता छपरावर चढतो आणि गळती बंद करतो. पाद्रीबाबांनी होबार्ट गेफर्टविरुद्ध दिली, की तो चर्चच्या आवारातलं गवत कापण्याच्या नावाखाली शांतता भंग करतो. रिची बहिणींनी एकमेकींविरुद्ध दिली. दोघींचाही आरोप होता, की दुसरी जबरदस्तीने सूप पाजते. दोघी एकाच मोटारीतून आल्या होत्या आणि एकाच थर्मासमधून पीत बसल्या होत्या. राजधानीतून केंड्राला फोन आला, की तुमच्या जिल्ह्यात शेजाऱ्याशेजाऱ्यांत एवढं वैर कशामुळे? केंड्रा म्हणाली, "डोंगराळ भाग आहे, साहेब. वैर इथे पूर्वीपासूनच आहे."

सगळ्यांचं मात्र साधलं नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायला कोणीच नव्हतं, त्यांची पत्रं येतच राहिली.

डेल्फाची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. पट्टी निघाली आणि दुसऱ्या सकाळी ती न्याहारी घेऊन काकांकडे गेली. एका डोळ्याचंच काम झालं होतं, दुसऱ्याला अजून अवकाश होता, पण त्या एका डोळ्याने जग असं धारदार दिसत होतं की ती फाटकापाशी उगाच थांबली. प्रत्येक पानाला कड होती. कोंबड्यांना चेहरे होते. घरात आली तर आपण वर्षभर स्वच्छ समजत होतो ते घर किती कळकट आहे हे बघून तिला मनापासून लाज वाटली. मग तिने काकांकडे बघितलं.

"काय बघतेस अशी?" काका म्हणाले. "लवकर खायला दे. आणि ऐक, दुसऱ्या डोळ्यासाठी या महिन्याची तक्रार द्यायची आहे. तवा, गोळ्या, गाणं, सगळं मागच्या वेळी संपलं. तेच ते सांगितलं तर वर शंका घेतील. काहीतरी नवीन कर."

"काका," डेल्फा म्हणाली, "तुमची मिशी एका बाजूने वर गेली आहे."

"असू दे."

"दोन बोटं वर आहे. आरशात बघून कापता की अंदाजाने? सगळं गाव इतके दिवस बघत होतं आणि मला कोणी सांगितलं नाही?" तिने टेबलाच्या खणातून कात्री काढली आणि उजेडात धरून तिची धार बघितली. धार तिला स्पष्ट दिसली.

काकांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली आणि खुर्ची जमेल तितकी मागे सरकवली.

"हिला हात लावलास, डेल्फा," ते बोटांआडून म्हणाले, "तर या वेळी खरी तक्रार करीन."